एकशे बारा

मंगळवारी दादांनी माझा डबा उघडायला लावला,
मग ओढणी झटकायला, मग चपला.
"सत्तावीस नोटा कमी भरतात, वैजू.
गेट बंद केलंय. झडती दिल्याशिवाय कोणी जायचं नाही."
गेट म्हणजे आमच्या जेल रोडच्या घराचं,
एका कडीचं, गंजलेलं.

चौतीस वर्षं ते प्रेसमध्ये होते, तपासणी खात्यात.
कोरी नोट उजेडाला धरायची, डाग दिसला की बाजूला.
रोज संध्याकाळी हात वर करून स्वतःची झडती द्यायची
आणि रिकाम्या खिशाने सायकलवर घरी यायचं.
खाल्ल्या मिठाला जागलेला माणूस, असं गल्ली म्हणायची.

बुधवारी भिंतीच्या आत कोणीतरी मोजू लागलं.
"ऐक. हिंदीत मोजतायत. इक्यानबे, बानबे."
पंख्यावर माणूस बसलेला. नळाच्या पाण्याला शाईचा वास.
आईने दिलेला चहा त्यांनी कुंडीत ओतला
आणि तिच्याकडे असं बघितलं
की बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने डोक्यावर पदर घेतला,
परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा.

पेखळेकाकू म्हणाल्या, बाहेरचं आहे.
मेहुण्यांनी त्र्यंबकला विधीची तारीखही विचारून ठेवली.
मी रात्री दोनला मोबाइलवर एकच शब्द वाचत होते,
जो मोठ्याने म्हणायची छाती नव्हती,
आणि शेजारी झोपलेल्या माझ्या पोरांकडे बघत होते.
आईने कोणाचंच ऐकलं नाही.
मूठभर खडेमीठ, मोहरी, सुक्या मिरच्या,
तीनदा उतरवून शेगडीत टाकलं.
मीठ तडतडलं.
"बघ, केवढी लागली होती," ती म्हणाली.

बिटकोतली डॉक्टर माझ्याहून लहान, केसांत पेन खोचलेलं.
तिने आधी विचारलं, गोळ्या कुठल्या?
मी पिशवी उलटी केली.
"ही दाबासाठीची, लघवी वाढवणारी. कधीपासून?"
तीन आठवडे.
"आणि जेवण?"
"अळणी," आई म्हणाली. "एकदम अळणी. वरणात चिमूटसुद्धा नाही."
शाबासकी मिळावी अशा आवाजात म्हणाली.

कागद आला. सोडियम एकशे बारा.
एकशे पस्तीसच्या वर हवं.
आई त्या आकड्याकडे बघत राहिली.
काल तिने मूठभर मीठ त्यांच्याभोवती फिरवलं होतं,
एक खडा तोंडात गेला नव्हता.

हळूच चढवायचं असतं ते.
घाई केली तर मेंदूच दुखावतो, डॉक्टर म्हणाली.
मी रात्रभर नळीतला थेंब बघत बसले.
पलीकडच्या खाटेवर एक रंगारी, दारू सोडून तिसरा दिवस,
चादरीवरच्या मुंग्या वेचून माझ्या तळहातावर ठेवत होता.
"ताई, धरा, सांडतील."
मी धरल्या.
कोपऱ्यात लासलगावच्या एक बाई, मांडीचं हाड मोडलेल्या,
डोळ्यांनी जवळपास गेलेल्या.
त्यांना खिडकीत लाल टोपीवाली पोरं दिसायची, मुकी.
"नाहीयेत ती, ठाऊक आहे मला.
डोळ्यांकडून काही येईना, म्हणून डोकं बसून चित्रं काढतं म्हणे.
काढू दे. कोणाला त्रास नाही."

शनिवारी पहाटे दादांनी विचारलं, "वार कोणता?"
बऱ्याच वेळाने,
"मी तुझी झडती घेतली का गं?"
म्हटलं, डबा तेवढा पाहिलात.
चपलांचं सांगितलं नाही.

आता वरणात मीठ असतं. आई ते चमच्याने मोजते,
सपाट करते, पुन्हा मोजते.
दादा ओट्यावर बसतात.
देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला की काच थरथरते
आणि ते मान वर करतात, आवाज उजेडाला धरावा तशी,
आतली पाण्याची खूण शोधत.
"हा तुलाही आला ना?"
"आला, दादा."
मग थोड्या वेळाने, फार हळू,
"आणि हा?"

मी हातातलं काम ठेवते. ऐकते.